दोन वैरी देशांच्या सीमेखाली एकच गॅससाठा असेल तर वाटणी कशी होते?

लातूर-औशाकडं बांधाला लागून दोघांनी बोअर घेतले की जो जास्त उपसतो, पाणी त्याच्याकडं ओढलं जातं. गॅसचंही तसंच. उपसा झाला की विहिरीभोवतीचा दाब घटतो आणि शेजारचा गॅस तिकडं सरकतो. नकाशावरची रेघ त्याला अडवत नाही.

म्हणून नुसती सीमा आखून भागत नाही. इराण आणि कतारनं 1969 मध्येच सागरी सीमा ठरवली, तरी त्या सीमेखाली असलेल्या, जगातल्या सर्वांत मोठ्या गॅसक्षेत्रातून दोघं आपापला उपसा करतात. सुमारे 9,700 चौ. किमी. क्षेत्र, त्यातलं 6,000 कतारकडं. निर्बंधांमुळं इराणला यंत्रसामग्री मिळेना, कतार एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला गॅस) विकून पुढं गेला.

खरा उपाय म्हणजे साठा एकच धरायचा: आधी मोजणी, मग टक्केवारी, दोघांची मिळून गॅस काढणारी एकच चालक कंपनी, ठरावीक काळानं फेरमोजणी. वाद पेटतो तो बहुतेक फेरमोजणीत, कारण तिथं ठरलेला हिस्सा बदलतो.

आणि बोलणंच बंद असेल तर? इस्रायल-लेबनॉननं 2022 मध्ये अमेरिकेला मध्यस्थ घालून वेगवेगळ्या पत्रांवर सह्या केल्या. दोघांच्या सागरी सीमेवर पसरलेलं काना हे संभाव्य गॅसक्षेत्र लेबनॉननं विकसित करायचं, इस्रायलचा हिस्सा चालक कंपनीनं परस्पर द्यायचा. लेबनॉनला इस्रायलशी थेट व्यवहारच नको, म्हणून काढलेली ही पळवाट. पण मला ती फार हुशारीची वाटते. 2023 मध्ये तिथं विहीर खोदली, विकण्याजोगा गॅस मात्र लागला नाही.