पोटाचा घेर आणि शरीरातील मंद दाह

मूळचे भुसावळचे आणि सध्या कॅनडात नोकरी करणारे एक वाचक कळवतात की त्यांचे वजन ८८ किलो आहे, रक्ततपासणीत सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे रक्तातील प्रथिन) ४.५ मिलिग्रॅम प्रति लिटर आला आहे, आणि दाह कमी व्हावा म्हणून हळदीच्या गोळ्या सुरू कराव्यात का.

गोळ्यांच्या आधी आपण कंबरेला टेप लावावी. आतड्यांभोवती साठणारी चरबी नुसती पडून नसते. तिच्या पेशी फुगू लागल्या की तेथे रोगप्रतिकारक पेशी जमतात, टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६ यांसारखी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सुटतात, त्यामुळे यकृत अधिक सीआरपी तयार करते आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. ताप नाही, दुखणे नाही, तरी हे वर्षानुवर्षे चालते. आपल्याकडे कमी वजनातही ही चरबी साठते, म्हणून पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटर हीच कंबरेची मर्यादा मानावी. पाश्चात्त्यांसाठीचे १०२ आणि ८८ सेंटिमीटर हे आकडे आपल्याला खोटा दिलासा देतात.

वजन मात्र फार उतरवावे लागत नाही. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सात टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम एवढेच उद्दिष्ट होते. त्यातून मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले आणि सीआरपीही उतरला. आपल्या ८८ किलोंचे सात टक्के म्हणजे सुमारे सहा किलो.

आहारासाठी परके काही शोधण्याची गरज नाही. कळण्याची भाकरी, मेथीची भाजी आणि वांग्याचे भरीत चालेल, फक्त भरितातले तेल आवरावे. तर्रीदार शेवभाजी पाहुण्यांपुरती ठेवावी, हे खान्देशी माणसाला सांगणे जिवावर येते. बर्फाच्या दिवसांत घरातला जिना चढावा. धूम्रपान सोडावे आणि झोप पुरती घ्यावी, कारण दोहोंचा दाहाशी थेट संबंध आहे.

हळद फोडणीत असू द्यावी. जास्त मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याविना त्या घेऊच नयेत. साध्या सर्दीनेही सीआरपी चढतो, तेव्हा प्रकृती ठीक असताना दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी, आणि आकडा १० च्या वर गेल्यास लठ्ठपणाला दोष देण्याआधी जंतुसंसर्गासारखे दुसरे कारण शोधून घ्यावे.