प्रवास-सल्ला : आंदालुसियात मोटारीने आठ दिवस

प्रश्न : ऑक्टोबरच्या मध्यास आम्ही उभयता आणि आमची मुलगी दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया प्रांतात मोटारीने फिरणार आहोत. शनिवारी मालागा येथे उतरायचे आणि पुढच्या रविवारी तेथूनच परतायचे. ग्रनाडा, कॉर्दोबा, सेव्हिल आणि रोन्दा ही ठिकाणे ठरली आहेत. मला वस्तुसंग्रहालयांची आवड, तर पत्नीला डोंगरदऱ्यांची. दोन्ही बसवता बसवता रोज नवे हॉटेल आणि दिवसाला तीन-चार स्थळे असा आराखडा तयार झाला आहे. त्यातून काय वगळावे?
– एक वाचक

उत्तर : काय वगळायचे ते शेवटी पाहू; आधी क्रम ठरवायला हवा, आणि तो नकाशावरून नव्हे, तर अल्हाम्ब्रा या ग्रनाडातील मुस्लिम राजांच्या किल्ले-राजवाड्याच्या तिकिटावरून ठरतो. तेथील नास्रिद राजघराण्याच्या राजवाड्यांत तिकिटावर छापलेल्या वेळीच प्रवेश मिळतो, तिकीट नावानिशी असते आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. ही तिकिटे फार लवकर संपतात, त्यामुळे हॉटेलांच्या आधी ती काढावीत. दुसरी अडचण सोमवारची. अल्हाम्ब्रा सोमवारी उघडे असले, तरी त्याच परिसरात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या राजवाड्यातील संग्रहालय त्या दिवशी बंद असते. आन्तेकेराची महापाषाणकालीन दफनस्थळे आणि कॉर्दोबाजवळचे मेदिना अझहारा या जुन्या राजधानीचे अवशेष यांचीही सुट्टी सोमवारीच असते. म्हणून सोमवार पत्नीच्या डोंगरांना द्यावा आणि अल्हाम्ब्रा मंगळवारी ठेवावे.

ग्रनाडात सलग तीन रात्री मुक्काम केल्यास सोमवारी सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावरील पाम्पानेइरा, बुबिओन आणि कापिलेइरा ही पोकेइरा दरीतील गावे सामान न हलवता पाहता येतील. रस्ता वळणावळणांचा आहे, तेव्हा त्या दिवशी दुसरे काहीही ठरवू नये.

तुमच्या यादीत आन्तेकेरा नाही, याचे मला आश्चर्य वाटले, कारण तुमच्या घरातला हा वाद मिटवणारे ठिकाण तेच आहे. मालागाहून ग्रनाडाला जाताना थोडी वाट वाकडी केली की ते लागते, म्हणून रविवार त्यासाठी राखावा. तेथील मेंगा हे प्रचंड शिलाखंडांनी बांधलेले दफनगृह पाच हजार वर्षांहून जुने असून त्याचे प्रवेशद्वार समोरच्या पेन्या दे लोस एनामोरादोस या डोंगराकडे आहे, आणि तो डोंगर आकाशाकडे तोंड करून निजलेल्या माणसासारखा दिसतो. जवळच्या एल रोमेराल या दुसऱ्या दफनगृहाचा रोख एल तोर्काल पर्वताकडे आहे. दफनस्थळे आणि हे दोन्ही डोंगर यांना युनेस्कोने 2016 मध्ये एकत्रच जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला, तो याच नात्यामुळे. दफनस्थळे सकाळी पाहून दुपारनंतर एल तोर्कालवर जावे. हा चुनखडक कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी थराथराने साचला. पुढे तो वर उचलला गेला आणि पाऊस व बर्फ यांनी त्याला आडव्या चकत्यांचे आजचे रूप दिले. स्पेन आपल्या रेखांशाच्या मानाने पुढची वेळ पाळतो, त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यास तेथे सूर्योदय आठनंतर आणि सूर्यास्त साडेसातच्या सुमारास होतो. दुपार चांगली लांबते. वर धुके मात्र अचानक उतरते, म्हणून आखलेली पायवाट सोडू नये.

बुधवारी कॉर्दोबाला पोहोचून मेझकिता पाहावी. आठशेहून अधिक स्तंभांच्या या मशिदीचे 1236 मध्ये चर्च झाले आणि सोळाव्या शतकात तिच्या मधोमध कॅथेड्रलचे उंच दालन उभारले गेले. ते तेथे असावे की नसावे, यावर तुमच्या मोटारीत पुढे बराच वेळ चर्चा होईल. गुरुवारी मेदिना अझहारा. कॉर्दोबाचा खलिफा अब्द अर-रहमान तिसरा याने 936 मध्ये वसवायला घेतलेली ही राजधानी शतकभरही टिकली नाही. येथे संग्रहालय आधी पाहणे सोयीचे ठरते, कारण मोटार तेथेच ठेवून बसने वर अवशेषांकडे जावे लागते आणि नुसत्या उरलेल्या पायाभिंतींवरून मूळ इमारतींची कल्पना येत नाही.

त्या संध्याकाळी सेव्हिल गाठून दोन रात्री राहावे आणि शनिवारी रोन्दामार्गे मालागाला परतावे. रोन्दाचा 1793 मध्ये पुरा झालेला पूल वरून ओलांडून पुढे जाऊ नका. दरीत उतरणाऱ्या वाटेवरूनच त्याची 98 मीटर उंची जाणवते.

वाहनाविषयी थोडेसे. तेथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात आणि भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. ग्रनाडाच्या जुन्या वस्तीत परवानगीशिवाय शिरणाऱ्या मोटारींवर कॅमेऱ्यांची नजर असते, म्हणून मोटारीचा क्रमांक हॉटेलला आधी कळवावा. वाटेत थांबताना मागच्या सीटवर सामान दिसेल असे ठेवू नये.

आता वगळण्याचे. मालागातील पिकासो संग्रहालय वेळ उरला तरच पाहावे, आणि सेव्हिलमध्ये राजवाडा व कॅथेड्रल यांखेरीज काहीही आधी ठरवू नये. सहाव्या दिवशी तुम्ही तिघेही दमलेले असाल.