कोचीत नुसतं 'पॅलेस' विचारू नका, 'मट्टांचेरी' म्हणा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि बाकीचं बाजूला ठेवून लिहायला बसलो. तुम्ही लिहिलंय की गुरुवारी रात्री मुन्नारहून कोचीत उतरणार, शुक्रवारी आईंना राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं दाखवणार आणि शनिवारी पहाटेच्या विमानाने परत. फोनवर चौकशी केलीत तेव्हा 'पॅलेस म्युझियमला सोमवारी सुट्टी' असं सांगितलं, म्हणून तुम्ही निर्धास्त आहात.

निर्धास्त राहू नका. तुम्हाला जो राजवाडा बघायचाय तो शुक्रवारी बंद असतो.

२०१७ साली मला फोनवर हेच उत्तर मिळालं होतं, आणि आमचा बेतही जवळपास असाच होता. सांगणारा खोटं बोलत नाही. तो दुसऱ्याच राजवाड्याबद्दल सांगत असतो. सोमवारी सुट्टी असते ती तृप्पूणित्तुऱ्याच्या हिल पॅलेसला. ते केरळ सरकारच्या पुरातत्त्व खात्याचं मोठं संग्रहालय आहे, शहराच्या एका टोकाला. रामायणाची चित्रं आहेत मट्टांचेरीच्या राजवाड्यात, आणि तो केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. तिथे शुक्रवारी सुट्टी. खाती वेगळी, म्हणून वारही वेगळे. त्यात मट्टांचेरीच्या वाड्याला सगळे 'डच पॅलेस' म्हणतात, पण तो बांधला पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकाच्या मध्यावर, कोचीच्या राजाला भेट म्हणून. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतल्यावर त्याची डागडुजी केली आणि नाव त्यांचं चिकटलं. डचांनी खरोखर बांधलेला वाडा म्हणजे बोलगाट्टी बेटावरचा, १७४४ चा. तिथे आता हॉटेल आहे. म्हणजे नुसतं 'पॅलेस' किंवा 'डच पॅलेस' म्हटलं तर टॅक्सीवालासुद्धा तुम्हाला भलतीकडे नेऊ शकतो. विचारताना 'मट्टांचेरी' हा शब्द आलाच पाहिजे. मी तो उच्चारला नाही, हीच माझी चूक.

माझे वडील एकतीस वर्षं चित्रकला शिकवत होते. केरळच्या भित्तिचित्रांचा एक काळापांढरा छापील तुकडा त्यांनी वर्गात वर्षानुवर्षं वापरला होता. प्रत्यक्ष चित्र कधी पाहिलेलं नव्हतं. त्या शुक्रवारी सकाळी साडेनऊला आम्ही फाटकापाशी उभे. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातलेला, खिशात भिंग, काखेत वही. फाटकाला कुलूप. रखवालदाराने हाताने 'उद्या' असं खुणावलं. वडील मला म्हणाले, "आत कुणी अधिकारी असेल, विचार की." आत कुणी नव्हतं.

मी तिथूनच त्या माहिती कार्यालयात फोन लावला. उत्तर मिळालं, "तुम्ही पॅलेस विचारलंत, आम्ही पॅलेसचं सांगितलं." मला राग आला आणि मी वडिलांना घेऊन त्या कार्यालयात गेलो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, इतक्या वर्षांनी तिथली माणसंही बदलली असतील. पण दोन तास बाकावर बसवून त्यांनी एकच वाक्य तीनदा ऐकवलं. तक्रारवही मागितली तर साहेब जेवायला गेलेत, मग साहेब आज येणार नाहीत. कोणता पॅलेस, एवढा एक उलट प्रश्न फोनवर विचारायला काय जात होतं? माहिती देणं हेच ज्यांचं काम, त्यांना समोरच्याला काय हवंय हे समजून घ्यावंसं वाटू नये, याचा राग अजून जात नाही.

आणि त्या रागाच्या भरात दुसरं नुकसान केलं. वाड्याला लागूनच यहुद्यांचं प्रार्थनास्थळ आहे, 'परदेशी सिनेगॉग' नावाचं, १५६८ चं. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या फरशा आहेत. ते शुक्रवारी दुपारी लवकर बंद होतं आणि शनिवारी उघडत नाही. सकाळी तिकडे गेलो असतो तर निदान वडिलांना ते तरी दिसलं असतं. आम्ही कार्यालयातून सुटलो तेव्हा तेही बंद झालेलं. शनिवारचं विमान पुढे ढकलू असं मी म्हटलं, तिकिटाचे पैसे ऐकून वडील नको म्हणाले. "पुढच्या वर्षी येऊ." मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

पुढचं वर्ष पुढे पुढे जात राहिलं. मुलीचा जन्म, मग कोरोना. पुन्हा गेलो ते २०२२ मध्ये, आणि तोवर काचबिंदूने वडिलांची नजर खूप उतरली होती. राजाच्या शयनगृहात, ज्याला पल्लियरा म्हणतात, भिंतभर रामायण आहे. दशरथाच्या पुत्रकामेष्टीपासून ते राम अयोध्येला परतेपर्यंत. पण खोलीत उजेड बेताचा. वडिलांनी भिंग काढलं, दोनदा पुसलं आणि परत खिशात ठेवलं. मग म्हणाले, "तू सांग."

मी सांगत गेलो. यज्ञाचा अग्नी, पायसाचं पात्र, राण्या. ते मधेच विचारायचे, "हिरवा कुठंय?" रामाच्या अंगावर, म्हटलं. "बरोबर. आणि पांढरा?" तो निराळा लावल्यासारखा दिसत नाही, असं म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. या पद्धतीत कोरड्या चुन्याच्या गिलाव्यावर गेरू, पिवडी, हिरवा आणि काजळीचा काळा चढवतात, पांढरं म्हणजे मोकळी सोडलेली भिंत. हे त्यांना पाठ होतं, मला नव्हतं. आकृत्या इतक्या दाटीवाटीने आहेत की एका हाताएवढ्या जागेत चार-पाच चेहरे सापडतात. मला ते नीट सांगता येईना. रेघ कशी वळते हे बोलून कसं सांगणार? फोटो काढायची परवानगी नव्हती, नाहीतर रात्री मोठे करून दाखवले असते.

बाहेरच्या दालनात ते वाकले आणि जमिनीवर तळहात ठेवला. ती जमीन काळ्या संगमरवरासारखी चकचकीत आहे, पण संगमरवर नाही. जाळलेल्या करवंट्या, कोळसा, चुना, झाडांचे रस आणि अंड्यातला पांढरा बलक घालून घोटलेली आहे. वडील बराच वेळ हात फिरवत बसले. पालखी, राजांची चित्रं, नाणी यांच्यापुढे मी थांबलो, ते त्या जमिनीपाशीच होते.

आता तुमचं. मी काही जाणकार नाही, दोन खेपांचा अनुभव सांगतोय. वेळा आणि वार बदलू शकतात, तेव्हा आदल्या दिवशी मट्टांचेरीचं नाव घेऊन पुन्हा विचारा. पण माझं मत ठाम आहे : सहल उलटी करा. कोची आधी, मुन्नार नंतर. सहलवाले कोचीला 'शेवटचा अर्धा दिवस, खरेदी' म्हणून टाकतात, मला ते अजिबात पटत नाही. रविवार ते गुरुवारमधला एक वार मट्टांचेरीला द्या, म्हणजे वाडा आणि सिनेगॉग दोन्ही होतील, फक्त यहुदी सणाचा दिवस नाही ना ते बघा. काही केल्या उलटवता येत नसेल तर विमान शनिवारी संध्याकाळचं घ्या, पैसे गेले तरी चालतील. मग शुक्रवारी सकाळी सिनेगॉग, दुपारी हिल पॅलेस, आणि शनिवारी उघडल्या उघडल्या वाडा. गर्दी व्हायच्या आत पल्लियरात निवांत उभं राहता येतं. डिसेंबरपासून बिनाले, म्हणजे तिथलं दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, सुरू असेल तर त्या भागात माणूस मावत नाही, हेही लक्षात ठेवा.

आईंचे गुडघे दुखत असतील तर जिने आहेत, खालच्या स्त्रियांच्या दालनात उतरायलाही जिनाच. तिथली कृष्ण आणि गोपींची चित्रं नंतरच्या काळातली आहेत, पण चुकवू नका.

जाता जाता एक. वाडा झाला की चेरलाईकडे एक चक्कर मारा. गोव्याहून गेलेल्या सारस्वतांची वस्ती आहे, तिरुमल देवस्थान आहे, कोकणी कानावर पडते. डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर जो बारा खंडी ग्रंथ काढला, त्याच्या १६७८ च्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणी वैद्यांचा दाखला नागरी लिपीत छापलेला आहे. माझ्या आईला हे ऐकून फार आनंद झाला होता, तुमच्या आईंनाही होईल.

तिकीट बदलून मिळालं की इथे कळवा. २०२२ मध्ये वाडा पाहिला त्या रात्री लॉजवर वडिलांनी माझ्याकडून पल्लियरातल्या प्रसंगांचा क्रम वहीत लिहून घेतला, कोणती भिंत, कुठून सुरुवात, सगळं. त्या पानांचे फोटो पाठवतो. आत जायच्या आधी आईंना ती वाचून दाखवा.