'कर्करोगपूर्व अवस्था' आणि 'बायोमार्कर' यांना मराठीत काय म्हणावं?

उदगीरहून एका ताईंनी विचारलं आहे: दुर्बिणीच्या तपासणीनंतर आईच्या अहवालात 'इंटेस्टायनल मेटाप्लासिया' असं आलंय. ही जठराची कर्करोगपूर्व अवस्था आहे, पुढचा अंदाज यावा म्हणून काही बायोमार्कर बघू, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून आईचं जेवणावरून मन उडालंय. घरात सांगता येतील असे मराठी शब्द कोणते?

ताई, आधी 'कर्करोगपूर्व अवस्था' घेऊ, कारण आईंना लागलंय ते तेच. 'पूर्व' जोडून आपण जे शब्द करतो, त्यांत मागून येणारी गोष्ट बहुधा ठरलेली असते. विवाहपूर्व समुपदेशन, पेरणीपूर्व मशागत, मान्सूनपूर्व पाऊस. लग्न जमलेलं असतं, पेरणी व्हायचीच असते. 'अवस्था'ही त्याच वळणाचा शब्द: बाल्यावस्था, तारुण्यावस्था, वृद्धावस्था. एकीतून दुसरीत जाणं कुणाला चुकत नाही. दोन्ही शब्द एकाच दिशेनं ढकलतात. आईंना 'आता कर्करोग होणारच' असं ऐकू आलं, कारण त्यांना मराठी नीट कळतं.

प्रत्यक्षात तसं नाही. विकृतिशास्त्रज्ञ पेलायो कोरेया यांनी १९७५ मध्ये सहकाऱ्यांसह जठराच्या कर्करोगाची वाट मांडली. आधी बरीच वर्षं जठराला सूज राहते, तीही बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळं, हे नंतर कळलं. मग अस्तरातल्या ग्रंथी झिजतात, त्याला शोष म्हणतात. पुढं जठराच्या जागी आतड्यासारखं अस्तर येतं, म्हणजे मेटाप्लासिया. त्यानंतर पेशींची ठेवण बिघडते, आणि शेवटी कर्करोग. पण या वाटेनं निघालेले बहुतेक जण शेवटापर्यंत जातच नाहीत. नेदरलँड्समधला देशभराचा एक मोठा अभ्यास २००८ मध्ये आला. त्यात निदानानंतरच्या पाच वर्षांत कर्करोगाचं वार्षिक प्रमाण शोषात ०.१ टक्का, मेटाप्लासियात ०.२५ टक्के आणि पेशींच्या तीव्र बिघाडात ६ टक्के निघालं. आकडे तिकडच्या लोकांचे आहेत, हे धरूनही बघा: मेटाप्लासियाच्या हजार जणांत वर्षाला दोन-तीन. एवढ्यावर 'पूर्व' म्हणणं मला पटत नाही. मी 'जोखमीचा बदल' म्हणेन. लेखी मजकुरात 'अवस्था'च्या जागी 'स्थिती' घ्यावं. स्थिती टिकते, सुधारते, बिघडतेही.

आता बायोमार्कर, म्हणजे आजाराचा किंवा जोखमीचा सुगावा देणारी, शरीरात मोजता येणारी गोष्ट. 'मार्कर' म्हटलं की घरात फळ्यावर लिहायचं पेन आठवतं. 'लक्षण' चालणार नाही, कारण लक्षण रुग्णाला जाणवतं: जळजळ, करपट ढेकर, भूक मंदावणं. ही गोष्ट जाणवत नाही, मोजावी लागते. 'जैवसूचक' हा शब्द वाईट नाही, पण त्याला आधीच दुसरं काम लागलंय. आपल्या येसरात पडणारं दगडफूल बहुधा स्वच्छ हवेतच चांगलं वाढतं, म्हणून पर्यावरणाचे अभ्यासक त्याला हवेचं जैवसूचक म्हणतात. शिवाय आपल्या भागात 'जैव' म्हटलं की आधी जैविक खतच डोळ्यांपुढं येतं.

शब्द शोधताना ती वस्तू काय काम करते ते पाहावं. रक्तातल्या पेप्सिनोजेनचं उदाहरण घ्या. पेप्सिनोजेन म्हणजे जठरात बनणाऱ्या एका पाचक द्रव्याचं कच्चं रूप. त्याचा पहिला प्रकार जठराच्या मधल्या-वरच्या भागातच तयार होतो. दुसरा सगळ्या जठरात आणि आतड्याच्या सुरुवातीलाही होतो. मधला भाग झिजला की पहिला घटतो, दुसरा तितका घटत नाही, आणि दोघांचं गुणोत्तर उतरतं. जपानमध्ये पहिला प्रकार ७० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी आणि गुणोत्तर ३ किंवा त्याहून कमी, ही झीज ओळखायची रेषा धरत आले आहेत.

हे वाचताना मला पैसेवारी आठवली. मराठवाड्यात ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. काही निवडक प्लॉटांतलं पीक कापून, गावाचं पीक रुपयात किती पैसे आलं, हा आकडा काढतात आणि तो ५० पैशांच्या आत आला की गाव टंचाईत धरायचे. आकडा गावाचा असतो, तुमच्या वावरात काय पिकलं ते तो सांगत नाही. पेप्सिनोजेनही तसंच, अस्तर झिजल्याचा अंदाज देतं, कर्करोगाचा निकाल नाही. म्हणून दुर्बिणीतून जठराच्या ठरलेल्या जागांचे तुकडे घेऊन शोष किंवा मेटाप्लासिया किती पसरलाय, हे पायऱ्यांत मांडतात. मेटाप्लासिया 'अपूर्ण' प्रकारचा, म्हणजे मोठ्या आतड्यासारखा, असेल तर जोखीम जास्त धरतात.

एक बारकावा शब्दांच्या हौशी माणसाला सोडवत नाही. अंदाजासाठी बघायचा म्हणून 'भाकीत करणारा मार्कर' म्हणावंसं वाटेल, पण ते बसत नाही. अमेरिकेतल्या औषध प्रशासनानं आणि राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २०१६ मध्ये मिळून केलेल्या शब्दावलीत 'भाकीत करणारा' हे विशेषण उपचार कुणाला लागू पडेल हे सांगणाऱ्या मार्करसाठी राखलंय. ज्याला अजून तो आजार झालेला नाही, त्याच्याबाबतीत तिथं 'जोखमीचा मार्कर' म्हणतात. आईंना कर्करोग झालेला नाही. तेव्हा मराठीत 'जोखीमसूचक' म्हणावं, आणि बोलताना नुसतं 'जोखमीची खूण'.

आईंना असं सांगून बघा: "आई, पोटाच्या आतलं अस्तर जागोजागी बदललंय. त्याला कर्करोग म्हणत नाहीत. बहुतेकांचं ते पुढं सरकत नाही. तुझं सरकायची जोखीम किती, त्याच्या खुणा डॉक्टर रक्तात अन् तुकड्यांत बघणार आहेत. पोटाला सूज आणणारा एक जंतू असतो, तो असला तर त्याचं औषध आहे."