वाचकांचे प्रश्न : नियतकालिक एकच, नावे दोन

प्रश्न : मी फोंड्यातील महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकते. जुने गोवे येथील सेंट ऑगस्टीनच्या भग्नावशेषांत मिळालेल्या, जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या मानल्या जाणाऱ्या अस्थीवर प्रकल्प करताना ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिकल अँथ्रोपॉलॉजी’ आणि ‘अमेरिकन जर्नल ऑफ बायोलॉजिकल अँथ्रोपॉलॉजी’ अशी दोन नावे आढळली. ही नियतकालिके वेगळी आहेत का? त्यांच्यावर कितपत विसंबावे?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : नियतकालिक एकच आहे. आलेश हर्डलिच्का यांनी ते १९१८ मध्ये सुरू केले. ते ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ बायोलॉजिकल अँथ्रोपॉलॉजिस्ट्स’ या संस्थेचे मुखपत्र आहे; या संस्थेची पहिली सभा मात्र १९३० मध्ये भरली. अलीकडे संस्थेने नावातील ‘फिजिकल’ काढून ‘बायोलॉजिकल’ घेतले आणि २०२२ पासून नियतकालिकही नव्या नावाने निघू लागले. त्यामुळे संदर्भ देताना लेख ज्या वर्षीचा असेल, त्या वर्षीचेच नाव लिहावे.

हा बदल केवळ पाटी रंगवण्याचा नव्हता. या शास्त्राचा, म्हणजे माणसाचा जैविक अंगाने अभ्यास करणाऱ्या मानवशास्त्राचा, आरंभीचा बराच काळ कवट्यांची मापे घेऊन माणसांना वंशांच्या कप्प्यांत बसवण्यात गेला, आणि जुने अंक चाळताना ते पानोपानी जाणवते. आज हाडांच्या मोजमापांबरोबरच जनुके, वाढ, आहार, रोग आणि वानरकुळाचा अभ्यासही त्यात येतो. शिवाय मानवी जैविक विविधतेचे अचूक वर्णन ‘वंश’ या कल्पनेने होत नाही, असे संस्थेने २०१९ च्या निवेदनात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून जुन्या लेखांतील मापे तपासून जरूर वापरावीत. त्यांवरून काढलेले वांशिक निष्कर्ष मात्र इतिहास म्हणूनच वाचावेत.

विषयात नवख्या असलेल्या वाचकाने आधी संस्थेचे वार्षिक ‘इयरबुक’ उघडावे, कारण त्यात एकेका प्रश्नाचा विस्तृत आढावा असतो. वार्षिक सभेतील निबंधांचे सारांशही छापले जातात, पण त्यांना पूर्ण शोधनिबंधाचे वजन देऊ नये. (प्रकल्पवहीत ही गफलत हमखास होते.)

आता केतेवान राणीच्या अस्थीविषयी. त्या अस्थीतील मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा (म्हणजे आईकडून अपत्याकडे येणाऱ्या डीएनएचा) निबंध २०१४ मध्ये ‘मायटोकॉन्ड्रियन’ या निराळ्याच नियतकालिकात आला. अस्थीत आढळलेला ‘यू१बी’ हा मातृवंशीय गट तुलनेसाठी घेतलेल्या भारतीय नमुन्यांत नव्हता, काही जॉर्जियन नमुन्यांत मात्र होता. तरीही लेखकांनी शीर्षकातच ‘बहुधा’ म्हणून हात राखला आहे. आपल्या प्रकल्पातही तो तसाच राखावा, आणि शोध नियतकालिकाच्या नावाऐवजी विषयावरून घ्यावा.