‘टायरचा घर्षणांक’ म्हणू नका

प्रश्न असा: टायरच्या ‘ग्रिप’ला घर्षण म्हणायचं की पकड, आणि ती आकडेमोड करून आधी सांगता येते का?

पकड म्हणा. ‘कर्षण’ सुचवणाऱ्यांनो, कृष् म्हणजे ओढणे, नांगरणे. ब्रेक लावताना कोण कुणाला ओढतंय? पण कानाला खरं खुपतं ते ‘या टायरचा घर्षणांक (पकडीचं बळ भागिले टायरवरचा भार) ०.८’. एकट्या टायरला घर्षणांक नसतो. तोच टायर कोरड्या डांबरावर ०.८ देईल, ओल्यावर ०.५, बर्फावर जेमतेम ०.१.

मजा आहे ती ‘घृष्’ धातूत. घर्षण हे त्याचं सोवळं रूप, घासणे हे घरचं. घसट, हिशेबातला घसारा आणि माझ्या मते घसरणेही याच गोतावळ्यातलं. घसरणे म्हणजे पकड सुटणे, असं पाठ्यपुस्तकी मंडळी शिकवतात. साफ चूक! चाक जराही घसरलं नाही तर ब्रेकचा जोर रस्त्याला पोचतच नाही. गाडी ताशी १०० किमीने आणि चाकाचा परीघ ९० ने, ही १० टक्के घसरण. डांबरावर सर्वाधिक पकड साधारण १० ते २० टक्क्यांत मिळते, चाक जाम झालं की उतरते. एबीएसची, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक-यंत्रणेची, सगळी धडपड त्या पट्ट्यात राहण्याची.

आकडेमोडीचं म्हणाल तर टायर-अभ्यासक पासेकाचा ‘मॅजिक फॉर्म्युला’ हाच घसरण-पकडीचा वक्र नेमका काढतो, पण त्यातले गुणक आधी चाचणीतून घ्यावे लागतात. त्याला भाकीत कसं म्हणायचं? भाकीत करतो भौतिकशास्त्रज्ञ पेर्सनचा रबराच्या घर्षणाचा २००१ चा सिद्धान्त, आणि तिथे ‘घसट’ हा शब्द चपखल बसतो. रबर खडीला सगळीकडे टेकत नाही. टेकतं तेवढीच घसट. रस्त्याचा खडबडीतपणा लेसरने मोजायचा, रबर चेपताना किती ऊर्जा जिरवतं ते वेगळं मोजायचं; पकड मुख्यतः त्यातूनच येते. सेकंदाला १ मीटर घसरताना १ मिमीचा उंचवटा रबराला १,००० हर्ट्झने (सेकंदाला तितक्या वेळा) चेपतो, १० मायक्रॉनचा १ लाख हर्ट्झने. प्रयोगशाळेतलं यंत्र तिथवर जात नाही. थंड रबर कमी वारंवारतेला तसंच वागतं जसं गरम रबर जास्त वारंवारतेला; म्हणून रबर थंड करून कमी वारंवारतेला मोजतात आणि आकडे वरच्या वारंवारतेकडे सरकवून घेतात. गणित फसतं ते बहुधा तापमानात. घसटीच्या जागी रबर क्षणात तापतं आणि ऊर्जा कमी जिरवतं; ते धरलं नाही तर उत्तरात पकड फुगते. शिवाय किती बारीक उंचवट्यापर्यंत या जिरलेल्या ऊर्जेची बेरीज करायची हे आपणच ठरवायचं, आणि उत्तर त्यावर हलतं.

साचलेल्या पाण्यावर हे सगळं बाद. तिथे टायर तरंगू लागण्याचा वेग (ताशी किमी) म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबाचं (किलोपास्कलमध्ये) वर्गमूळ गुणिले ६.३५: २२० किलोपास्कलला ताशी सुमारे ९४ किमी. त्यापुढे टायर तरंगतो.