मज्जारज्जूत रक्त पोचतंय का, ते बाहेरून दिसतं का?

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. मे महिन्याच्या अखेरीस माझा थोरला भाऊ कुळागरात पोफळींवर बोर्डो (बुरशीचं औषध) मारायला चढला आणि घसरून पडला. मान मोडली. बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, ऑपरेशन झालं, रॉड-स्क्रू घातले. सुरुवातीला आयसीयूत ‘प्रेशर खाली येता नये’ म्हणून सलाईनमधून औषध चालू होतं. आता दादा घरी आहे. खांदे-कोपरं हलतात, बोटं नाहीत, पायांत काहीच नाही. मुंबईत म्हणे चिरफाड न करता मज्जारज्जूतला रक्तपुरवठा दाखवणारा स्कॅन होतो. सुपारीचे पैसे आलेत, ते त्यात घालावेत का? पहिल्या एमआरआयमध्ये हे कसं दिसलं नाही? आणि ते प्रेशरचं औषध कशासाठी होतं? बाकी ठीक. खुर्चीत बसवलं की चक्कर येते. परवा लघवीची नळी दुमडली तेव्हा डोकं फुटेल असं दुखलं, तोंड लालबुंद, घामाच्या धारा. नळी सरळ केल्यावर थांबलं.
– एक बहीण, वाळपई

उत्तर : सुपारीचे पैसे सुपारीपाशीच राहू द्या. का ते सांगते. पण ‘बाकी ठीक’ म्हणून तुम्ही जाता जाता जे लिहिलंय, ते मला अजिबात ठीक वाटत नाही. त्याकडे येतेच.

आधी प्रेशर. मज्जारज्जू मानेत जेमतेम करंगळीएवढा जाड. त्याच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाला रक्त पुरवते ती मधोमध उतरणारी एकच धमनी; मागच्या भागाला दोन बारीक. मार बसतो त्या क्षणी जे चिरडलं ते चिरडलं. पण त्यानंतरचे तास आणि दिवस आत आणखी एक नुकसान चालू असतं : बारीक रक्तवाहिन्या फुटतात, सूज येते, हाडाच्या नळीत ती सूज मावत नाही, आणि कडेचा अजून जिवंत असलेला भाग रक्तावाचून मरायला लागतो. त्यात मानेला मार बसला की रक्तवाहिन्या आवळून धरणारे मेंदूचे हुकूम खाली पोचत नाहीत, म्हणून प्रेशर आपोआप पडतं. म्हणजे रक्ताची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच पुरवठा कमी. म्हणून ते प्रेशर चढतं ठेवणारं नॉरअ‍ॅड्रिनालिनसारखं औषध. अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या २०१३ च्या शिफारशीत सरासरी रक्तदाब ८५ ते ९० ठेवा, पहिले सात दिवस, असं होतं. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत ते थोडं सैल झालं : ७५-८० च्या खाली नको, ९०-९५ च्या वर नको, तीन ते सात दिवस. (सरासरी म्हणजे वरच्या-खालच्या आकड्यांची बेरीज भागिले दोन नव्हे, १२०/८० असेल तर ती साधारण ९३ येते.) दादाला जे दिलं ते योग्यच होतं.

या शिफारशींत एक अडचण आहे आणि तुमचा प्रश्न बरोबर तिच्यावरच बोट ठेवतो. मोजतो तो दंडाच्या किंवा मनगटाच्या धमनीतला दाब. मज्जारज्जूच्या दुखऱ्या जागी त्यातलं किती पोचतं, हे कोणी बघत नाही, कारण रोजच्या वापरात ते बघायचं साधन नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर साधा एमआरआय म्हणजे पोफळ सुकली की हिरवी ते दाखवणारा फोटो. पाटातून पाणी येतंय का, ते त्यात नाही. सूज दिसते, रक्तस्राव दिसतो, हाड कुठे दाबतंय ते दिसतं. वाहणं दिसत नाही.

वाहणं दाखवणारा एमआरआय नाही असं नाही. मेंदूसाठी आम्ही तो करतो : चित्रात रक्त उठून दिसावं म्हणून गॅडोलिनियम या धातूच्या औषधाचं इंजेक्शन देऊन, किंवा मानेतून वर जाणाऱ्या रक्तालाच चुंबकाने खूण करून, इंजेक्शनशिवाय. मज्जारज्जूपाशी मात्र दोन्हींची दमछाक होते. अवयव एवढासा, भोवतालचं पाणी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला हिंदकळतं, श्वासाबरोबर सगळंच हलतं, हाड आणि हवेच्या सीमेवर चित्र वेडंवाकडं होतं. वर दादाच्या मानेत धातू. नेमकं जिथे बघायचं तिथे काळा डाग. आयुष्य एमआरआयच्या पडद्यासमोर घालवलेली बाई म्हणून सांगते, अशा चित्रातून कोणी रक्तप्रवाहाचा आकडा काढून दिलाच, तर मी त्यावर सही करणार नाही.

संशोधन चालू आहे, आणि ते खरंच बघण्यासारखं आहे. सिअ‍ॅटलला शिरेतून वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडून सोनोग्राफीवर उंदरांच्या मज्जारज्जूतलं रक्त बघितलं गेलं. मधला भाग पूर्ण काळा, भोवती अर्धवट रक्त मिळणारी कड, असं चित्र येतं. वाचवायची असते ती ती कड. पण ध्वनिलहरी हाडातून नीट जात नाहीत, म्हणून आधी मणक्याची मागची कमान काढावी लागते. म्हणजे माणसाच्या बाबतीत ऑपरेशनच्या टेबलावरच, पाठ उघडी असताना. व्हँकुव्हरला डुकरांवर अवरक्त प्रकाशाने मज्जारज्जूतला ऑक्सिजन मोजला, तिथेही संवेदक आत, आवरणापाशीच बसवला होता. ‘चिरफाड न करता’ हे अजून पुढचं स्वप्न आहे. शिवाय या सगळ्याचा उपयोग पहिल्या दिवसांत, प्रेशर किती ठेवायचं ते ठरवायला. इतक्या महिन्यांनी आकडा कळला तरी दादाच्या औषधपाण्यात काडीचा फरक पडणार नाही. नवा एमआरआय लागेल तो वेगळ्या कारणाने : हातांतली असलेली ताकद कमी व्हायला लागली किंवा बधिरपणा वर चढायला लागला, तर. तेव्हा मज्जारज्जूच्या आत पोकळी धरत नाही ना, ते बघावं लागतं.

आता ते ‘बाकी ठीक’. नळी दुमडल्यावर जे झालं त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर इजा झालेल्यांना तो होतो. भरलेलं मूत्राशय खालून ओरडतं, खालच्या सगळ्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि मेंदूला ते सोडवता येत नाही. प्रेशर झपाट्याने चढतं, इतकं की मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अशा माणसाचं रोजचं वरचं प्रेशर ९०-१०० असू शकतं, म्हणून मशीनवर १४० दिसलं आणि नर्स म्हणाली ‘नॉर्मलच आहे’, तरी दादासाठी ते नॉर्मल नाही. त्याला लगेच ताठ बसवा, पाय खाली सोडा, पोटाचा पट्टा, कंबरेची नाडी, लघवीच्या पिशवीचा पट्टा सैल करा. नळी वरपासून खालपर्यंत हाताने चाचपा. ती वाहत असेल तर पोट साफ आहे का, बूड कुठे दाबलं गेलंय का, बघा. प्रेशर उतरत नसेल तर १०८. त्याचं रोजचं प्रेशर आणि या आजाराचं नाव कागदावर लिहून खुर्चीलाच बांधून ठेवा. गाडीतल्या मुलांना ते ठाऊक असेलच असं धरू नका.

चक्करेचं उलटं आहे, बसल्यावर प्रेशर पडतं. हळूहळू उठवा, पोटाचा पट्टा आणि पाय आवळून धरणारे घट्ट मोजे घालून. आली तर खुर्ची मागे कलंडवा.

आणि रक्तप्रवाह दाखवणारी, बाहेरून होणारी, स्वस्त तपासणी हवीच असेल तर ती आहे : पायांचा डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त वाहतंय का ते दाखवणारी सोनोग्राफी. न हलणाऱ्या पोटऱ्यांत रक्ताची गुठळी होते, ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या अधूनमधून मोजा. एक जाड, गरम वाटली तर त्याच दिवशी डॉपलर. आणि तो होईपर्यंत त्या पायाला खोबरेल चोळायला कुणालाही, अगदी आईलाही, हात लावू देऊ नका.

प्रश्न : पाठीत स्क्रू असताना एमआरआय करता येतो का? मशीन ते ओढून काढेल अशी आईला भीती आहे.
– एक वाचक, पेडणे

उत्तर : हल्लीचे स्क्रू बहुधा टायटॅनियमचे, चुंबक त्यांना ओढत नाही. स्टीलपेक्षा चित्रही कमी बिघडतं. डिस्चार्जचा कागद आणि स्क्रूचं कार्ड असेल तर ते बरोबर न्या, आणि पेसमेकर किंवा डोळ्यात लोखंडाचा कण वगैरे असेल तर आत जायच्या आधी सांगा.